माझ्यासाठी थांबू नका

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, माझा आवाज आता बसला आहे, तेव्हा जरा जवळ या. गोष्ट मात्र ओरडून सांगण्यासारखी आहे.

एका लहान कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन मला घडवले आणि पोटात बुचाची एक गोळी घातली. कुणी फुंकले की हवा माझ्या धारेवर आपटते, गोळी गरगरते आणि आवाज थरथरतो. दुकानातून मला एका तरुण बाईंनी निवडले. त्यांना कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून नुकतेच नेमले होते. संघ कसला, मूठभर मुली आणि दोन चेंडू; त्यातला एक हवा धरत नसे. मुली बाईंना मॅडम म्हणत.

रोज सकाळी मॅडम मला गळ्यात घालत. मी वाजले की सगळे बूट करकचून थांबत. काय माझा रुबाब होता! काही वर्षांतच हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला.

सामन्यात मात्र वाजण्याचा मान फक्त पंचांच्या शिट्टीला. मी मॅडमच्या मुठीत गप्प होते. त्या सभागृहात दोन कोर्ट शेजारी शेजारी होती, मध्ये नुसती जाळी. शेवटच्या क्षणी आमची सर्वांत बुटकी आणि सर्वांत चपळ खेळाडू, जिला सगळ्या खारुताई म्हणत, चेंडू घेऊन मोकळी सुटली. समोर कुणीही नव्हते. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि ती जागीच थांबली. शिट्टी शेजारच्या कोर्टावरची होती! चेंडू हिसकावला गेला आणि चषकही.

परतीच्या बसमध्ये कुणी तिच्याशी बोलेना. एकजण तेवढी म्हणाली, "हिला रस्त्यावरच्या पोलिसानं शिट्टी मारली तरी ही चेंडू खाली ठेवेल." खारुताईने संघ सोडते म्हणून सांगितले. मॅडम तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"थांबायला तुला मीच शिकवलं. कधी थांबायचं नाही, ते शिकवायचं राहिलं. उद्या ये. परवाचं परवा बघू."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला गळ्यातून काढले आणि फरशी पुसणाऱ्या मावशींच्या हाती दिले. मनात येईल तेव्हा वाजवा, म्हणाल्या. मुलींना ताकीद दिली की कानांवर विसंबायचे नाही. मॅडमचा हात वर दिसला तरच थांबायचे; सामन्यात पंचांचा. मावशी खूश झाल्या. "माझ्या ओल्या फरशीवरून इतकी वर्षं नाचलात ना, आता बघा," म्हणाल्या आणि गाल फुगवून मला फुंकले. सगळा संघ थबकला! मग कधी मी कोपऱ्यातून वाजले, कधी दाराआडून. हळूहळू मुली थबकेनाशा झाल्या. सर्वांत शेवटी सुधारली खारुताई. पण परवा उजाडला, तेरवा उजाडला आणि ती येतच राहिली.

पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा तेच सभागृह. आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू खारुताईकडे आला आणि जाळीपलीकडे शिट्टी वाजली! समोरच्या मुलीने हात खाली सोडले. माझ्या पोटातली गोळी जणू गोठली. खारुताईने पंचांकडे एक नजर टाकली. त्यांचा हात खालीच होता. ती निसटली, उडाली, चेंडू रिंगवर घुटमळला... आणि आत पडला! मॅडमनी मूठ उघडली तेव्हा तळहातावर माझ्या कडेचा लाल ठसा उमटला होता.

त्यानंतर चषक इतके आले की कपाटाचे दार लागेना. मॅडम निवृत्त झाल्या. खारुताई आता त्याच संघाची प्रशिक्षक आहे. तिच्या गळ्यात प्लास्टिकची नवी शिट्टी असते. मी बराच काळ खणात ओलीच पडून राहिले, तिथेच माझे बूच कुजले. मित्रांनो, शिट्टी वापरली की धुवा, झटका, कोरडी करा. एवढे तरी आमच्यासाठी करा.

एके दिवशी मॅडम सराव बघायला आल्या. खारुताईने खण उघडला, मला पुसले आणि बाकावर बसलेल्या मॅडमच्या हाती दिले. "मनात येईल तेव्हा वाजवा," ती म्हणाली. मॅडमनी मला ओठांना लावले. मी घोगऱ्या आवाजात, जीव खाऊन वाजले.

एकही मुलगी थांबली नाही. मित्रांनो, एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता!