दोघींनी गुडघे टेकले तो बाक

मी एक जुना, गुडघे टेकायचा बाक आहे, मित्रांनो. चर्चच्या कोपऱ्यात, लोक जिच्याआडून फादरांपुढे आपल्या चुका कबूल करतात, त्या पापनिवेदनाच्या जाळीपाशी माझी जागा. एका सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला घडवले आणि त्याच्या बायकोने माझ्यावर गादी शिवली. तेव्हा सगळे माझे कौतुक करायचे. आता गादीतला काथ्या टोचतो, म्हणून लोक तोंड वाकडे करतात.

जाळीपाशी बोललेले मी कुणाला सांगत नाही. पण ही गोष्ट उघड्यावर घडली.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे चार आठवडे, दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता. वेदीवर जांभळे कापड चढले होते. दवाखान्यातली नर्सबाई ड्युटी संपवून तडक आली. ख्रिस्तजन्माचा गोठा दरवर्षी तीच मांडायची.

"यंदाही तुम्हीच ना?" फादरांनी विचारले.

"नाही जमणार, फादर. त्या गव्हाणीतल्या बाळाला हात लावायचा धीर होत नाही."

गेल्या वर्षी तिच्या लेकीचे बाळ पोटातच गेले होते. आता लेकीला पुन्हा दिवस भरत आले होते. दवाखान्यात इतरांना धीर देणारी ही बाई घरी मात्र लेकीशी नजर मिळवत नव्हती.

"प्रार्थनाही सुचत नाही," ती म्हणाली.

"मग नुसत्या बसा. मी आहे इथेच."

तिने माझ्यावर गुडघे टेकले आणि कठडा घट्ट धरला. माझाही जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात लेक आली, धापा टाकत.

"आई, फोन का उचलत नाहीस? मला वाटलं, माझ्यावर रागावलीस."

"रागावू कशाला गं? माझी भीती तुला दिसू नये, म्हणून लांब राहते."

"आणि मी तुझ्यासमोर उगाच हसत असते! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

आई थोडी सरकली. लेक तिचा खांदा धरून सावकाश शेजारी टेकली. दोघी रडल्या. बऱ्याच वेळाने आई पुटपुटली, "देवा, आम्ही दोघी घाबरलोय." तेवढीच प्रार्थना.

मित्रांनो, आगमनकाळात तुम्ही घरे झाडता, दिवे लावता. तसेच घरात कोण अबोल झाले आहे, तेही पाहा. त्याच्या शेजारी जाऊन बसा. शब्द नाही सुचले तरी चालेल.

बाळ अजून यायचे आहे. काय होईल, मला ठाऊक नाही. पण काल गोठ्यासाठी गवत आले, आणि ते दोघींनी मिळून पसरले.