हेडफोनमधला खर्ज

माझा धंदा स्पीकर दुरुस्तीचा. माझ्या कानांनी पास केल्याशिवाय अठ्ठावीस वर्षांत एकही स्पीकर दुकानाबाहेर गेलेला नाही. या कानांचा मला माज आहे, असं बायको चारचौघांत सांगते. आहेच. तोच नडला.

नऊ वर्षांपूर्वी ती स्टुलावरून पडली. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण कमरेतून डाव्या पायात उतरणारी कळ काही गेली नाही. दुखणं दहापैकी किती, तो आकडा मी रोज संध्याकाळी वहीत लिहितो. सात, आठ, सात. शेक झाले, पट्टे झाले, तेलं झाली. एकेक उपाय फसला की मी आठवडाभर दुकानातच बसायचो आणि घरी कुणाशी धड बोलायचो नाही.

या वर्षी डॉक्टरांनी कंपनांची खाट सुचवली. गोळ्यांच्या जोडीला करून बघा, म्हणाले. त्यांच्या केंद्रातल्या खाटेच्या पोटात स्पीकर होते आणि त्यातून अगदी खर्जातला सूर यायचा, कानांपेक्षा अंगालाच जास्त जाणवणारा. पहिल्याच दिवशी ती तिथे चक्क झोपली. मी वाकून खाटेखाली बघत होतो. तिथल्या बाईंनी हटकलं, "काही पडलंय का तुमचं?"

महिन्याभरात, डॉक्टरांना विचारून, तशीच खाट मी घरी बनवली. फळीखाली दोन मोठे स्पीकर. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर अॅम्प्लिफायर आणि त्याच्यासमोर हेडफोन लावून, भिंतीकडे तोंड करून मी. सूर केसभर हलला तरी कळायला हवा ना! पहिल्या आठवड्यात आकडा पाचावर आला. मग चार. मग सलग तीन. दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी वही बघून गोळी निम्मी केली. आकडा असाच राहिला तर पुढच्या वेळी बंदच करू, म्हणाले. ती पुढची वेळ म्हणजे उद्या सकाळी दहा.

आज नेमकी थोरली लेक माझे हेडफोन घेऊन गेली. बायको खाटेवर आडवी झाली आणि मी तसंच बटण फिरवलं. अॅम्प्लिफायरचा काटा हलला. खोलीत मात्र काहीच नाही. बाहेरच्या नळाची टपटप तेवढी ऐकू येत होती. आधी वाटलं, कानच गेले माझे. मग जाऊन खाटेच्या फळीवर तळवा ठेवला. फळी थंड आणि गप्प.

खाटेखाली शिरलो. अॅम्प्लिफायरकडून येणारी तार लोंबत होती. सोल्डरिंगचा जोड कच्चा राहिला होता, माझ्याच हातचा. तारेच्या उघड्या टोकावर धूळ बसली होती. म्हणजे हे आजचं नव्हतं. सूर माझ्या हेडफोनमध्ये रोज ठणठणीत होता, खाटेपर्यंत तो पोचतच नव्हता. मग ते तीन कुठून आले? देवा, दुखणं आपसूकच कमी झालेलं असू दे, असं मी तिथे पडल्या पडल्या म्हणत होतो.

"काय शोधताय?" वरून तिनं विचारलं.

"काही नाही."

परत टेबलापाशी बसलो, पण या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. रोजची चाळीस मिनिटं तिच्याकडे बघत राहिलो. ती पालथी होती. पायाची बोटं आत वळलेली, मुठीत चादर. मध्येच तिनं उशी दातांत धरली.

"आज किती?"

"तीन," ती लगेच म्हणाली. उत्तर तयारच होतं.

"तार तुटलीय खाटेची."

तिनं मुठीतली चादर सोडली. मग म्हणाली, "माहितीय. चार सांगितले ना, त्या दिवसापासून."

मी वही उघडली. एकोणीस दिवस. "खरं किती?"

"आठ."

"आणि पहिले पाच?"

"ते खरे होते."

माझा आवाज चढला. "अगं, मग बोलायचं नाही? गोळी निम्मी झाली तुझी! उद्या बंद झाली असती!"

"तुम्ही हेडफोन लावून मान डोलवत होतात," तिनं उशीतूनच सांगितलं. "नऊ वर्षांत इतकं खुशीत पाहिलं नव्हतं तुम्हाला. बोलले असते तर पुन्हा तोंड पाडून दुकानात जाऊन बसला असतात. पाय दुखलेला परवडतो मला. ते नाही परवडत."

लाज वाटली, एवढंच. वहीतले एकोणीस आकडे खोडले आणि खाली मोठ्या अक्षरात 'हे खोटे, खाट बंद होती' असं लिहिलं. उद्या डॉक्टरांपुढे हेच पान उघडायचं. मग सोल्डरिंगचं सामान आणायला निघालो. पाच मिनिटांचं काम होतं.

"आधी बसा जरा," ती म्हणाली. "तिथे नाही. इथे."

मी तिच्या पायाशी बसलो आणि डाव्या पोटरीवर हात ठेवला. पोटरी आतून थरथरत होती, बारीक, न थांबता. नऊ वर्षं हे मी फक्त आकड्यात ऐकलं होतं.

"आता किती?"

"आठच."

"बरं," मी म्हणालो, आणि उठलो नाही.