डोंगर जवळ दिसतात तेव्हा

सहा दिवस क्विरिन लॉयब्ल स्वयंपाकघरातल्या टेबलावर विमान जोडत बसला होता. वीतभर लांबीचं, दोन पंख्यांचं, मोटार क्लबच्या रुग्णविमानासारखं पिवळंधमक. तसलंच खरं विमान त्याच्या बायकोला, वाल्बुर्गाला, इटलीतल्या सार्डिनिया बेटावरून आणणार होतं.

चर्चच्या बायकांबरोबर ती तिथल्या मरियामाउलीच्या दर्शनाला गेली आणि पायरीवरून घसरली. बरगडी मोडून फुप्फुसात घुसली. मोठं ऑपरेशन म्युनिकलाच व्हावं, तेही आठवड्याच्या आत, असं दोन्हीकडच्या डॉक्टरांचं मत पडलं. क्विरिनला तिकडे जाता येईना. दिवसाआड त्याचं रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागे. एक पाळी चुकली की पाय सुजून यायचे.

चाळीस वर्षं असली छोटी विमानं जोडलेला माणूस. स्ट्रेचर कुठं, ऑक्सिजन कुठं, डॉक्टरची खुर्ची कुठल्या अंगाला, सगळं त्याला तोंडपाठ. आगकाड्यांचं इवलंसं स्ट्रेचर त्यानं केलं, पण त्यावर बाहुली निजवायला मन धजावेना. बायकोची रोजची मेणबत्ती मात्र तो न चुकता लावी. तिचा नेम होता. तो मोडायला आपण कोण, असं त्याला वाटे.

सातव्या दिवशी सकाळी शेजारीण झेन्झी सूप घेऊन आली ती हसतच. खिडकीबाहेर आल्प्स लख्ख उघडला होता. इतके दिवस ढगांत बुडालेली शिखरं आता हात लावावा इतकी जवळ. माउलीनं वाट मोकळी केली, ती म्हणाली.

"हा फ्योन आहे, झेन्झी. तो सुटला की डोंगर असेच जवळ येतात," क्विरिन म्हणाला. ती चाळीस वर्षांपूर्वी उत्तरेकडून सून म्हणून आलेली; डोंगर ओलांडून येणाऱ्या या कोरड्या वाऱ्यानं तिचं फक्त डोकं दुखे. मग त्यानं विमान उचललं. रंग ओला होता, म्हणून पोटातल्या तारेला धरलं. वाल्बुर्गाच्या छातीत हवा अडकली आहे, उंचावर ती फुगेल, म्हणून आत जमिनीसारखाच दाब ठेवून खालून उडायचं. सूपचं भांडं म्हणजे डोंगर समजून त्याच्या कडेला घासत त्यानं विमान नेलं. नेमका तिथंच फ्योन आपटतो. असल्या वाऱ्यात ते पानासारखं फेकलं जाईल.

"मग वळसा घालून आणा की."

तेही त्यानं विचारलं होतं. तेवढे तास वाल्बुर्गाला सोसणार नाहीत.

झेन्झी निघाली. जाताना दारात म्हणाली, "सगळ्या विमानांचं तुला कळतं रे. काय उपयोग?" बोलून गेली आणि मग तिलाच वाईट वाटलं, उगाचच तिनं त्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

नऊ वाजता क्लबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. लॉयब्लसाहेब, आज नाही, त्या हळुवारपणे म्हणाल्या. उद्या पुन्हा बघू. वाल्बुर्गाला रात्रीपासून ताप आहे हेही त्यांनी सांगितलं. ताप चढत राहिला तर तिला विमानातून आणणं कठीण. वारा कधी पडेल, असं त्यानं विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं.

यंत्रावर नेणारी टॅक्सी दाराशी लागली, तोच वाल्बुर्गाचा फोन आला. आवाज दुधावरच्या सायीइतका पातळ.

"डोंगर दिसतात का रे?"

दिसत नाहीत म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

"दिसतात."

"जवळ?"

"अंगणात आल्यासारखे."

ती याच डोंगरांखालच्या खोऱ्यात जन्मली, वाढली. 

"मग आज नाही," ती म्हणाली. जणू त्याचीच समजूत काढत होती. पुढं म्हणाली, "माझी आजची जपमाळ म्हणायची राहिलीय. श्वास पुरत नाही. तू म्हण, मी ऐकते."

त्याला माळेतल्या पहिल्या प्रार्थनेपुढं काही येत नव्हतं. बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. एका हातात फोन, दुसऱ्यात ओल्या रंगाचं विमान. क्रूसाची खूण करायला हात मोकळा नव्हता. तो तसाच उभा राहून म्हणू लागला, आणि प्रार्थना संपली की पुन्हा पहिल्यापासून तीच.