गाळणीवरचा काळा चिकटा

मी दोन भावांच्या बर्फाच्या कारखान्यातली डिझेलची गाळणी बोलतेय. खरं तर मी हे सांगायला नको. घरातलं भांडण बाहेर जाऊ देऊ नका, असं थोरल्या भावाच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, सगळ्यांना बजावलंय. पण मला कुणी सगळ्यांत धरतच नाही.

बारीक पितळी जाळी आणि भोवती कडं, एवढाच माझा देह. वीज गेली की जनरेटर सुरू होतो आणि टाकीतलं डिझेल माझ्यातून त्याच्याकडे जातं. येणाऱ्या प्रत्येक थेंबावर संशय घ्यायचा, हेच माझं काम. डिझेल म्हणजे बरंचसं अल्केन: कार्बनच्या लांब साखळ्या, अंगाला हायड्रोजन चिकटलेले. सहसा कुणाच्या वाटेला न जाणारी मंडळी.

पण माझ्यावर काळा, बुळबुळीत चिकटा बसू लागला. जनरेटर धापा टाकत बंद पडे आणि बर्फाच्या लाद्या पाझरू लागत. डिझेल आणायचं काम धाकट्या भावाचं. थोरल्यानं त्याला कामगारांसमोरच धरलं.

"काय मिसळतोस ह्यात?"

"दादा, मी भेसळ करीन?"

"मग गाळणी खोटं बोलतेय?"

मला साक्षीला ओढलेलं मुळीच आवडलं नाही. थोरल्यानं टाकीची किल्ली काढून घेतली आणि उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकू नकोस म्हणाला.

संशय वहिनींनाही होता. कुणाचा, ते त्या बोलल्या नाहीत. टाकीच्या तळातलं डिझेल त्यांनी बरणीत घेतलं, माझ्यावरचा नखभर चिकटा त्यात टाकला आणि बरणी कपाटात ठेवून किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

"आता बघू, भावजी कपाटात शिरून काय मिसळतात ते."

काही आठवड्यांनी कपाट उघडलं. बरणीत खाली पाणी, वर डिझेल आणि दोघांच्या मधोमध चिकट्याची जाड साय.

"हे वाढलं कसं?" थोरला दचकला.

"जिवंत आहे म्हणून. किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

मला ते केव्हाच ठाऊक होतं. सूक्ष्मजीव ते! राहतात पाण्यात, जेवतात डिझेल. साखळीच्या टोकाला ऑक्सिजन लावून तिचं मेदाम्ल करतात, मग दोन-दोन कार्बन तोडून फस्त करतात. पाणी नसेल तर मात्र त्यांचं काही चालत नाही.

"पण टाकीत पाणी आलं कुठून?"

"दर वेळी नळी लावून ती धुतं कोण? पुसताना तर मी तुम्हाला कधी पाहिलं नाही."

थोरल्याचा चेहरा उतरला. वहिनींनी धाकट्याला बोलावून घेतलं. थोरल्यानं किल्ली पुढे केली. "चुकलं माझं. टाकी मीच नासवली."

धाकट्यानं हात मागेच ठेवला. "चोर ठरवलंस सगळ्यांसमोर, आणि चुकलं म्हणतोस बंद खोलीत?"

थोरला किल्ली मुठीत घेऊन वळला. मग अंगणात गेला, कामगारांना हाक मारली आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणाला. तेव्हा कुठे धाकट्यानं किल्ली घेतली.

"ह्यापुढे टाकी धुशील तेव्हा मी शेजारी उभा राहणार."

"म्हणजे माझ्यावर संशय?"

"थोडासा."

वहिनींना हसू आवरेना.

आज दोघांनी मिळून टाकी पुसली. मी तिच्या उघड्या तोंडाशी पडून पाहतेय. दोघेही खूश आहेत. मला मात्र तळाच्या कोपऱ्यात, जोडाच्या अगदी कडेला, काहीतरी चमकताना दिसतंय. तो पाण्याचाच थेंब असेल तर ह्या दोघांना कुणीतरी आत्ताच—

"वहिनी, गाळणी द्या बघू इकडे, वीज गेली, डिझेल भरतो!"