काकांच्या मशीनबाहेरचं बिल्ड

चारुदत्त काका सुट्टीवर गेले की अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या छोट्या कंपनीचं बिल्डही सुट्टीवर जायचं. कंपनी हॉस्पिटलांसाठी औषधांच्या डोसचं सॉफ्टवेअर करायची. सगळ्यांचा कोड गोळा करून त्यातून हॉस्पिटलला पाठवायची सीडी तयार करायची, हे बिल्डचं काम. ते आपोआप करणारी स्क्रिप्ट काकांनी वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढवली होती, आणि ती चालायची फक्त त्यांच्या टेबलाखालच्या विंडोज मशीनवर.

२००७ च्या उन्हाळ्यात एका हॉस्पिटलने विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या यंत्रणेवर चालणारी आवृत्ती मागितली. काम आलं देवयानीकडे. ती नागपूरची, एम.एस. करून नुकतीच लागलेली. तिने त्या स्क्रिप्टचं जमेल तसं लिनक्स रूप केलं आणि चालवून पाहिलं, तर जुन्या फायली साफ करणाऱ्या पायरीने तिचं अख्खं फोल्डर ताज्या कामासकट पुसून टाकलं. ती डोकं धरून बसली.

दुसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली. "काका, स्क्रिप्ट तपासणाऱ्या टेस्टच लिहिल्या तर?"

"अगं, स्क्रिप्ट म्हणजे काय प्रॉडक्ट आहे? बिघडली तर दिसतंच की."

"दिसलं ना. माझं फोल्डर गेल्यावर."

काका हसले. "कर बाई तुला काय करायचं ते."

तिने एक फ्रेमवर्क, म्हणजे सगळ्या बिल्डचा नवा सांगाडा, लिहायला घेतलं. बिल्डची प्रत्येक पायरी सुटी. ती विंडोजवर आहे की लिनक्सवर की मॅकवर, ते फ्रेमवर्कने बघायचं. आणि खऱ्या फायलींना हात लावण्याआधी ती पायरी एका खोट्या डिस्कवर चालवून तपासायची. पण तपासायचं काय, हे काकांनाच ठाऊक होतं. म्हणून लंचला ती डबा घेऊन त्यांच्यासमोर बसायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवायची.

"ही कशाला?"

"एका क्लायंटच्या वेळी माझ्या डिस्कवर जागाच उरली नव्हती. अर्धीच सीडी झाली, यार, आणि कुणाला पत्ता नाही!"

त्या आठवणीची संध्याकाळपर्यंत टेस्ट झालेली असायची. सुरुवातीला काका सांगायला कंटाळायचे. मग स्वतःच आठवून आठवून सांगू लागले.

ऑक्टोबरात, सीडी पाठवायच्या, म्हणजे रिलीजच्याच सकाळी, गाडीने सात-आठ तासांवरच्या वेस्ट विंडसरहून काकांना फोन आला. त्यांच्या मुलीला, चैत्रालीला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. काका गाडीची किल्ली हातात घेऊन उभे राहिले, पण पाय निघेना.

"एवढं बिल्ड काढतो आणि ड्राइव्ह करत सुटतो."

"काका, तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा. मी काढते."

"माझ्या मशीनला हात..."

"लावणारच नाही. त्याची गरज नाही."

ते गेले. देवयानीने काकांचं मशीन सोडून दुसऱ्या एका विंडोज मशीनवर बिल्ड सुरू केलं आणि शेजारी लिनक्सवर. विंडोजचं सरळ पार पडलं. लिनक्सचं मात्र मधेच थांबलं: डोसच्या तक्त्याची फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती! मग लक्षात आलं, स्क्रिप्टमध्ये नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि फाइलच्या नावात साधं. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला नाही. तिने आधी ती चूक पकडणारी टेस्ट लिहिली, मग नाव दुरुस्त केलं आणि सगळं पुन्हा चालवलं. दुपारी दोन्ही सीडी हॉस्पिटलांकडे रवाना झाल्या.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "मुलगी झाली गं! इवलीशी आहे, पण छान आहे." मग लगेच, "आणि बिल्ड?"

तिने काय झालं ते सांगितलं.

"माझी स्क्रिप्ट असती तर थांबली असती का?"

"नसती, काका. तक्त्याशिवायच सीडी झाली असती."

फोनवर मागे कुठेतरी बाळ रडत होतं.

"तुम्ही मला एकेक ओळ समजावली नसती," देवयानी म्हणाली, "तर माझीही थांबली नसती."

आठवड्याने काका पेढे घेऊन आले. सगळ्यांना वाटून झाल्यावर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "आता दाखव बघू, टेस्ट लिहितात कशी."

त्यांनी चष्मा सारखा करत दोन बोटांनी टाइप केलं आणि चालवलं. स्क्रीनवर लाल ओळ आली.

"फेल झाली की!"

"व्हायलाच हवी. टेस्ट आधी लिहायची; ती जी पायरी तपासते, ती अजून कुठे लिहिलीय आपण?"

"असं होय," म्हणत काकांनी कीबोर्ड आणखी जवळ ओढला.