गब्दुल आणि तिसरा ओंडका

प्रदर्शनाचा हॉल दहाला उघडला आणि सव्वादहाला पहिलं माणूस स्टॉलसमोर थबकून म्हणालं, "अय्या, किती गोड!"

ताईने कागदावर एक रेघ ओढली.

साडेबारापर्यंत अशा अडतीस रेघा झाल्या. शेजारच्या रकान्यात तिसऱ्या ओंडक्याच्या पुढे गेलेल्यांची नोंद होती. तिथे दोन रेघा होत्या. त्यातली एक धाकट्याची, कारण खेळाचा पुढचा भाग मधूनमधून कुणीतरी पडद्यावर आणायलाच हवा होता.

संगणकावरचा हा खेळ या दोघा भावंडांचा. चित्रं ताईची, बाकी सगळं धाकट्याचं. गब्दुल नावाचं अस्वलाचं गुबगुबीत पिल्लू मधाच्या शोधात निघतं आणि नदीतल्या तरंगत्या ओंडक्यांवरून उड्या मारत पलीकडे जातं. यासाठी ताईने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली, त्याला तीन वर्षं झाली होती. आज तीन वाजता एका मोठ्या कंपनीच्या बाई खेळ बघायला येणार होत्या. त्यांनी खेळ निवडला, तर तो दुकानादुकानांत जाणार होता. नाही निवडला, तर धाकटा उद्या सकाळी लिफ्टच्या कारखान्यातल्या नोकरीला होकार कळवणार होता. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि आठवडाभर दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

लोक भले होते. यायचे, पुठ्ठ्याच्या गब्दुलचे कान ओढायचे, त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि मग खेळायला बसायचे. पहिला ओंडका, दुसरा ओंडका, तिसऱ्याला बुडुक. पुन्हा बुडुक. चौथ्या बुडकीनंतर ओशाळं हसून "मला नाही बाई जमत असलं" म्हणायचे आणि सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊन उठायचे.

पावणेएकला शिवणकामाच्या कारखान्यातली एक बाई नणंदेला घेऊन आली. ती अकरा वेळा पडली, पण दोष काही तिने स्वतःकडे घेतला नाही.

"बटण दाबलं की हा लगेच निघत नाही हो."

"निघतो की," ताई म्हणाली. "आधी जरा अंग चोरतो, एवढंच."

"तेच म्हणतेय मी. मशीनवर पाय दाबला की सुई खाली आली पाहिजे. ती विचार करत बसली, तर माझं बोट जायचं."

"अगदी आमच्या दादासारखा आहे," नणंद म्हणाली. "हाक मारली की आधी आळस देणार, मग विचारणार, काय गं?"

"तुझा दादा निदान पाण्यात तरी पडत नाही."

दोघी खिदळत पुढच्या स्टॉलकडे गेल्या.

ताई खुर्चीत बसली आणि तिने स्वतः बटण दाबलं. उडीआधीची ती सहा चित्रं तिची सगळ्यात लाडकी होती. बूड खाली जातं, कान मागे पडतात, डोळे मिटतात, गाल फुगतात आणि मग उडी. सहा चित्रं म्हणजे पाव सेकंद. तिच्या बोटांना तो पाव सेकंद इतका अंगवळणी पडला होता, की तो आहे हेच ती विसरली होती.

"तुला माहीत होतं?"

धाकटा वायरीचा गुंता सोडवत होता. "दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ताई. तू म्हणालीस, ती चित्रं काढली तर गब्दुलचा प्राणच जाईल."

"मग भांडायचंस ना माझ्याशी!"

"तुझ्याशी?"

ताई म्हणाली, "तू लहानपणी शाळेच्या भिंतीवर उभा राहून असंच करायचास. डोळे मिटून, गाल फुगवून. तिथूनच घेतलं होतं मी ते."

"आणि उडी मारायचो का?"

ताईने आठवून पाहिलं. "नाही. मीच उतरवून घ्यायचे तुला."

"तेच ते."

"काढ ती चित्रं. पहिली पाच काढ, शेवटचं ठेव. आत्ताच्या आत्ता."

धाकट्याने लॅपटॉप पुढे ओढला. दहा मिनिटं लागली.

ताईने बटण दाबलं आणि गब्दुल उडाला. तिचं बोट खाली आणि त्याचे पाय वर, एकाच क्षणी. ती काठावरच सात-आठ उड्या मारत राहिली, उगाचच. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला खेळाची मजा आली होती.

मग तिने त्याला नदीत सोडलं. पहिला ओंडका झाला. तिथून गब्दुल झटकन उडाला आणि दुसरा ओंडका यायच्या आतच तिथे पोचला. बुडुक.

"ओंडक्यावर थोडं थांबले तर?"

"थांबलीस तर तो खाली जातो. ओंडके, झोके, मधमाश्या, सगळ्यांची लय मी त्या पाव सेकंदावर बसवलीय, ताई. चौसष्ट लेव्हल आहेत."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही. वर्ष. तेही दोघं रोज बसलो तर."

अडीचला त्याने जुना खेळ परत लावला.

बाई तीनच्या ठोक्याला आल्या. चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "किती गोड!" ताईने सवयीने रेघ ओढली. बाई सहा वेळा पडल्या. सातव्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"चित्रं कुणाची?"

"माझी."

"सुरेख आहेत. खरंच. याची खेळणी करा, स्टिकर करा." त्या उठल्या आणि पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "फक्त त्याला उड्या मारायला लावू नका."

हॉल सहाला बंद होणार होता, पण पाचलाच धाकट्याने आवराआवर सुरू केली. पुठ्ठ्याचा गब्दुल दुमडला, वायरी गुंडाळल्या. लिफ्टवाल्यांबद्दल ताईने विचारलं नाही. तो म्हणाला, "सकाळी नऊला फोन करेन." ती म्हणाली, "बरं."

मग ती म्हणाली, "ते मघाचं पुसलंस का?"

"नाही, आहे अजून."

"लाव."

त्याने लावलं. तिने बटण दाबलं. गब्दुल काठावर उडाला, खाली आला, उडाला, खाली आला. नदीकडे तिने त्याला नेलंच नाही. धाकटा एक हात प्लगवर ठेवून उभा होता.

"झालं?"

"थांब जरा."

तो थांबला. शेजारच्या स्टॉलवरचे दिवे गेले.

"काढ," ताई म्हणाली.