पायपेटीला काच

संग्रहालयाच्या कार्यकारिणीत एक तरुण सदस्य असलाच पाहिजे, असं वरून कळवण्यात आलं, तेव्हा कार्यकारिणीने बराच शोध घेऊन साठीच्या आतले एक गृहस्थ सुचवले होते. ते नामंजूर झाले. मग नाइलाजाने एकोणीस वर्षांची एक मुलगी घ्यावी लागली. संग्रहालयात दर शनिवारी जमणाऱ्या मुलांनी तिला एकमताने निवडलं होतं; कारण त्या दिवशी ती आली नव्हती.

आज तिची पहिली बैठक होती. चौथा विषय होता, जुन्या पायपेटीला काचेचं कपाट. शनिवारी मुलं पायाने भाता हलवून जी वेडीवाकडी वाजवायची, तीच ही. एकदा काचेआड गेली की संपलंच, मग लांबून बघायचं आणि घरी जायचं. सुतार तर मंजुरीच्या आधीच काच घेऊन जिन्यात बसला होता. खाली फाटकाशी मुलं ताटकळत होती. "तू फक्त नको म्हण," त्यांनी बजावलं होतं, "बाकीचं आम्ही बघतो." बाकीचं म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.

चिटणीस तिची सख्खी आत्या होती. तिच्या कानाशी लागून मुलीने विचारलं, "आत्या, मी कधी बोलू?"

"इथे आत्या म्हणू नकोस," आत्या कुजबुजली. "आणि पहिल्या बैठकीत बोलायचं नसतं. मी अजून बोललेली नाही."

अध्यक्षांनी पहिला विषय वाचला: दालनांना तपकिरी पडदे. मग चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. सगळी वडीलधारी मंडळी गप्प. मुलीच्या घशाला कोरड पडली होती. ऐन वेळी आवाजच फुटला नाही तर? तिने हळूच घसा खाकरला.

अध्यक्ष दचकले. "बरं... पडदे स्थगित."

दुसरा विषय, मागच्या बैठकीचा वृत्तांत कायम करणे. तिने पुन्हा खाकरलं. तोही स्थगित झाला, आणि मागची बैठक झाली होती की नाही, हे कुणालाच सांगता येईना. तिसरा विषय, अध्यक्षांचं तैलचित्र कुठे लावावं. या वेळी तिने तोंडावर रुमाल धरला. रुमालातूनही ऐकू गेलं. अध्यक्षांचा चेहरा तैलचित्रासारखाच काळपट झाला.

"अगं, आवर!" आत्याने तिचा हात दाबला. "इथे कुणी 'नाही' असं म्हणत नाही. ज्याचा विरोध असेल तो घसा खाकरतो. सभ्य माणसं आहेत, कुणी कुणाला तोंडावर दुखवत नाही."

"मला काय माहीत?"

"संस्था निघाल्यापासून इतका विरोध झाला नव्हता!"

मुलीने पटकन तोंडावर हात ठेवला. मग लक्षात आलं, म्हणजे आता फक्त एकदा खाकरायचं, की पायपेटी वाचली! तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी पुढे सरकवली.

"घे बाळ, चघळ. तुझ्या घशापायी माझा जीव वरखाली होतोय."

मोठ्यांना नाही कसं म्हणायचं? तिने गोळी तोंडात टाकली. घसा लोण्यासारखा मऊ झाला.

"विषय चौथा," अध्यक्ष म्हणाले. "पायपेटीला काच."

तिने जोर लावला. नुसता गारवा. पुन्हा जोर लावला. नुसती हवा. अध्यक्षांची नजर टेबलाभोवती फिरत तिच्यापर्यंत आली आणि सुटकेचा श्वास सोडून पुढे गेली. त्यांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं. जिन्यात सुतार उठल्याचा आवाज झाला.

"नको!"

टोकाला डुलकी घेत असलेले सदस्य जागे झाले आणि आग लागली का, म्हणून विचारू लागले.

"नको," ती पुन्हा म्हणाली. "काचेत घालू नका. आम्ही वाजवतो ती. नीट नाही वाजवत, पण वाजवतो. ती बंद झाली तर आम्ही इथे कशाला येऊ? आणि आम्ही नाही आलो तर... तुमच्यानंतर कोण येणार?"

हे शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि तिलाच धडकी भरली. आपल्याकडे ही पद्धत नाही, हे तिला कडक शब्दांत सुनावण्यासाठी अध्यक्ष ताठ बसले, कॉलर सारखी केली आणि त्यांनी घसा खाकरला.

आत्याचं पेन लगेच चालू लागलं. "पायपेटीची काच," ती लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली, "खुद्द अध्यक्षांचा विरोध. स्थगित."

"अहो, तो विरोध नव्हता!"

"लिहून झालं, सर." आत्याचा चेहरा दगडासारखा होता. टेबलाखाली मात्र तिने भाचीच्या पायावर पाय दाबला.

"आता आलंच आहे बोलण्यात," डॉक्टर म्हणाले, "तर पायपेटी दर शनिवारी मुलांसाठी खुली ठेवायची, हेही उरकून टाका."

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या. ते लालबुंद झाले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, गळ्याची घाटी वरखाली होत होती. आता खाकरतात की काय! मुलीने डॉक्टरांची डबी चटकन अध्यक्षांसमोर सरकवली.

"घ्या ना, आजोबा."

अध्यक्षांनी डबीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग एक गोळी उचलली.